लाल ठिपक्याची माहेरवाशीण

(विस्कॉन्सिनमधलं एक परसदार, पलीकडे बदकांचं तळं. जूनची सकाळ. एक मोठं चावरं कासव टोमॅटोच्या वाफ्यात मागच्या पायांनी माती उकरतंय. वर्ना आणि तिचा धाकटा दीर, म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याचा, लेलंडचा भाऊ डेल्मर, जरा लांबून बघताहेत.)

वर्ना : मग ही कोण, डेल्मर? भूत?

डेल्मर : वहिनी, कासवं सगळी सारखीच दिसतात.

वर्ना : हो ना. सगळ्यांच्याच पाठीवर माझ्या गोठ्याचा लाल रंग असतो. गेल्या साली तू हिला पिकअपमधून नेलीस, तेव्हा मीच नव्हता का ठिपका लावला?

डेल्मर : रंग काय, कुठूनही लागतो.

वर्ना : आणि गावच्या बंबखान्याच्या वार्षिक जेवणात मी हिचं दोन वाडगे सूप प्यायले. कापून, शिजवून, पचवून झालेली बाई चालत परत आली. काय तब्येत म्हणायची!

डेल्मर : ते फावडं आधी खाली ठेव.

वर्ना : का? बर्फ उपसायचं फावडं, जूनमध्ये त्याला तरी दुसरं काय काम? सात पिल्लं उतरली होती, डेल्मर. लेलंडच्या बदकांची शेवटची वीण. काल तिसरं गेलं. पाण्यावर पिल्लू होतं, मग नुसतं वर्तुळ होतं. आई अंधार पडेस्तोवर त्या वर्तुळाला हाका मारत होती.

डेल्मर : ऐकल्या मी. माझ्या घरापर्यंत येत होत्या.

वर्ना : मग का नाही मारलीस हिला?

डेल्मर : दादानं सांगून ठेवलं होतं. इस्पितळात. म्हणाला, वर्ना मारायला सांगेल. तू हो म्हण, आणि नदीच्या पुलापाशी सोडून ये.

वर्ना : लेलंड? अरे, तो दरसाल एक कापायचा! दरसाल मी ते सूप...

डेल्मर : कोंबडी.

वर्ना : काय?

डेल्मर : कोंबडी होती, वहिनी. दरसाल.

वर्ना : आणि मी पाद्र्यांच्या बायकोला समजावत बसायची, की कोंबडीला ही चव येणं शक्यच नाही!

डेल्मर : तेव्हा दादा टेबलाखाली चमचा शोधत असायचा.

वर्ना : मला वाटायचं, हात थरथरतो बिचाऱ्याचा. हसू नकोस! गेलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

डेल्मर : बघ, अंडी घालायला लागली. आता तोफ उडवली तरी हलायची नाही.

वर्ना : म्हणजे बाळंतपणाला माहेरी आली. नदी ओलांडून, मक्याची शेतं तुडवत. पाहुणचार माझ्या पिल्लांचा, आणि बाळंतिणीची खोली लेलंडच्या टोमॅटोत.

डेल्मर : मारू? तू म्हणशील तसं. या खेपेला खरंच.

वर्ना : बाळंतिणीवर फावडं घालू? वरून चमचा फेकून मारेल तो मला. उरलेली चार पिल्लं मोठी होईस्तोवर माझ्या न्हाणीतल्या टबात पोहतील. मी आंघोळ करीन तळ्यात. हिचं आटोपलं की फावड्यावर घे, आणि पुलाच्या पार पलीकडे सोड. शेपटीला धरून उचलू नकोस, कणा दुखावतो. लेलंड ओरडायचा.

डेल्मर : हो, फार ओरडायचा.

वर्ना : कापायच्या कासवाच्या कण्याची एवढी काळजी. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

डेल्मर : आणि यंदाच्या जेवणाला?

वर्ना : कासवाचंच सूप म्हणून सांग सगळ्यांना. फक्त कोंबडी जरा म्हातारी घे. गेल्या वर्षीचं कासव फारच कोवळं होतं.