चौकटीवरचं अक्षर

ता. २ मे १९६४

मी, पारूबाई सोपान लोखंडे, वय अंदाजे ४०, धंदा शेतमजुरी, धर्म बौद्ध, राहणार वरची वाडी, तालुका खटाव, जिल्हा सातारा. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे. माझे बोलणे माझ्याच भाषेत लिहावे, असे मी जमादारांना म्हणाले आहे.

मालकांचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं, नाव मी कवा तोंडानं घेतलं न्हाई. आज कागदावर पायजे म्हणून घेतलं.

छप्पन सालानंतर आमी घरातलं देव टोपलीत घालून येरळा नदीत सोडलं. मालकांनी चौकटीवरच्या भिंतीवर निळीनं 'शाक्य' लिवलं. शाक्य म्हंजे बुद्धाचं कूळ. मला वाचाय येत न्हाई, पर तेवढा एक शब्द त्यांनी माझ्याकडनं राखंत बोटानं गिरवून घेतला. औंदा भिंतीचा पोपडा पडला, त्यात 'य'चं पोट गेलं.

२६ एप्रिलला सकाळी गावातल्या लालासाहेबांचा बैल मेला. बैल वढायला सांगाय ते आमच्या दारात आले. मालक म्हणाले, "ते काम आमी सोडलंय." संगं नानासो होते, सात यत्ता शिकलेले. त्यांनी भिंतीकडं बघून मोठ्यानं वाचलं, 'शाक्त'. लालासाहेबांनी इचारलं, "म्हंजे काय?" नानासो म्हणाले, "देवीम्होरं दारू-मटण ठेवून मंत्रतंत्र करणारे." लालासाहेब वरडले, "म्हंजे बैल ह्येनंच खाल्ला!"

मालक म्हणाले, "आवं, त्यो 'य' हाय. पोपडा गेलाय." लालासाहेबांनी हातातली जुवाची शिवळ, जाड लाकडी दांडकं, त्यांच्या डोक्यात घातली. मग घरात शिरून देवी हुडकली. दोन पातेली आन् बुद्धाची तसबीर घावली. आवं, देवीच न्हाई तर दारू कुणाम्होरं ठेवू? एवढं तरी डोक्यात यावं का न्हाई? नानासो उंबऱ्याभाईर हुबं राहून बघत होते.

साताऱ्याला दवाखान्यात मालक चार दिवस बेसूद होते. शेजारच्या खाटेवर वाईचे एक भटजी होते. मी इचारलं, "शाक्त म्हंजे काय वो?" ते म्हणाले, "शक्तीला आई मानून तंत्रातल्या रीतीनं पुजतो तो शाक्त. माझे वडील शाक्त होते, बाई. चांगले होते."

मी म्हणाले, "मग तुमच्या दारात कोन शिवळ घिऊन आलं का?"



३० तारखेला दुपारी मालक गेले. माझी तक्रार लालासाहेबांवर हाय. नानासोंवरबी हाय. ज्याला वाचाय येतं त्यानं नीट वाचावं.

वरील जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. फक्त मालकांचा शब्द दोन ठिकाणी 'शाक्त' असा ऐकू आला, तो माझ्यासमोर खोडून दुरुस्त करून घेतला. अंगठा लावण्यास सांगितले असता मी म्हणाले, "अंगठा कशाला? एक शब्द येतो, त्योच लिवते."

(सही) शाक्य