लंबदुभाजक

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांशी बोलून बाप बाहेर आला आणि लेकीशेजारी बसला. बाकाच्या टोकाला एक सुतार आपल्या माणसाला भेटायच्या पाळीची वाट बघत होता, त्याच्या कानावर पडलं ते असं:

“वाच, बाळा. परवा पेपर आहे.”

“दोन बिंदू दिलेत. त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या... बाबा, दुसरं गणित घेऊ.”

“का गं? बघू. लंबदुभाजकाचं समीकरण काढा. आईने घोटून घेतलंय की हे.”

“तिची स्कूटर दुभाजकावरच आदळली ना?”

“अगं, तो रस्त्यातला. हा भूमितीतला.”

“शब्द तोच आहे.”

“मग मधून जाणारी काटकोनातली रेघ म्हण.”

“मार्क कापतील.”

“कापू देत.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“आधी मध्यबिंदू काढ.”

“काढला. काय म्हणाले?”

“आता चढ काढ, बाळा.”