पिवळ्या बिल्डिंगची लिंबू-मिरची

आमचं मूळ कणकवलीकडचं, पण मी जन्मलो घाटकोपरला, शाळेत गेलो आणि मास्तर थकले म्हणून घरी आलो असं मी सांगतो, आई सांगायची पळून आला, आता आईपेक्षा मला काय जास्त माहिती. मग लिंबू-मिरची ओवायला लागलो, शनिवारी दारोदार बांधायची, आणि सगळी दारं एकाच बिल्डिंगची, स्टेशनसमोरची पिवळी बिल्डिंग, पिवळी कसली, मी बघतोय तेव्हापासून काळीच, पण नाव पडलं ते पडलं.

काय सांगू तुम्हाला त्या बिल्डिंगचं. पहिल्या माळ्यावर टायपिंग क्लास होता, सगळा जिना टकटकायचा, तो गेला, तिथे एसटीडी बूथ आला, तो गेला, मग कॉम्प्युटर क्लास, मग मोबाईल रिपेरिंग, आणि सगळ्यांच्या दाराला लिंबू माझंच. वरचे दाताचे डॉक्टर बोलायचे, अरे परब, तू ज्याच्या दाराला बांधतोस तो बुडतो, मला तरी सोड. मी बोल्लो, डॉक्टर, पेशंट लिंबू बघून पळत नाय, तुमची पक्कड बघून पळतात. तरी बांधून घ्यायचे हां दर शनिवारी.

तर ही बिल्डिंग पाडायची ठरली. गाळेवाल्यांना नव्या टॉवरमध्ये गाळे, आणि माझी लिंबू ओवायची जिन्याखालची जागा, ती जिन्याबरोबरच जाणार. खालचे साडीवाले जिग्नेशभाई बोल्ले, नव्या बिल्डिंगला काचेचे दरवाजे, आपोआप उघडणार, तू टांगणार कुठे, आणि वॉचमन तुला आत तरी सोडेल काय. मी हसलो, पण त्या दिवशी उशिरापर्यंत जिन्याखालीच बसून राहिलो, कारण मला दुसरं काय येत नाय, आणि हेपण कितपत येतं ते डॉक्टरांना विचारा.

सगळे गाळे खाली करून गेले आणि शनिवार आला, मला घरात बसवेना, बायको बोल्ली अहो बसा की जरा, अंगात मुंग्या शिरल्यासारखे काय फिरताय. गेलो. बिल्डिंगभोवती ठोकलेल्या पत्र्याच्या फटीतून आत शिरलो आणि रिकाम्या गाळ्यांना, सगळ्या दारांना बांधून आलो, सवय हो, डोकं वापरायला असायला तर पाहिजे. सोमवारी पाडणारे लोक आले, बघतात तर ओसाड बिल्डिंग आणि दारोदार ताजं लिंबू, कोणीतरी करणी केली म्हणत घण टाकून सगळे रस्त्यावर. मुकादम विचारत विचारत, तणतणत माझ्या घरी, बोल्ला ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, नायतर कोण आत पाय टाकत नाय.

मग एकेक दार सोडत खाली आलो, आधी डॉक्टर, मग मोबाईलवाला, शेवटी साडीवाले, ओठ हलत होते माझे, लोकांना वाटलं मंत्र म्हणतोय, मी स्वतःला शिव्या देत होतो.

मुकादम बोल्ला, आता आमच्या पाडायच्या मशीनला बांधत जा, माणसांना धीर येतो. तर आता जी मशीन माझी बिल्डिंग खाते तिलाच मी शनिवारी लिंबू बांधतो, वरचा माळा गेला पण. बायको बोलते, आपल्या पोटावर जे उठलं त्याची कसली नजर काढता. बिल्डिंग संपली की माझंपण काम संपलं, ते मला कळतं, म्हणून तर पाय एका जागी ठरत नाय, रोज जाऊन बघून येतो किती उरली. पण मशीनवर बसतो तो ड्रायव्हर बीडकडचा, माझ्याच वयाचा माणूस, त्याच्या डोक्यावर अख्खा स्लॅब लोंबत असतो. त्याला धड घरी जाऊ दे रोज, माझं मी बघतो काय ते.