विहीणबाईंना कुठे न्यायचं?

उत्तरेकडच्या त्या बंदराच्या शहरात वारा असा बोचरा, की तोंड उघडणंही जिवावर यावं. तरी बसच्या रांगेतल्या नवरा-बायकोची तोंडं काही मिटत नव्हती. मागे धक्क्यावरच्या हॉटेलातला आचारी उभा होता.

"रविवारी विहीणबाई येतायत. जेवायला कुठे न्यायचं?"

"दीपगृहाजवळ. मासा काय ताजा असतो तिथे!"

"नको. तिथलं फार चांगलं असतं."

"मग?"

"धक्क्यावरच्या हॉटेलात नेऊ."

"अगं, तिथला मासा म्हणजे चामडं! मागच्या वेळी माझी दाढ हलली."

आचाऱ्याने मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

"म्हणूनच म्हणतेय. सोमवारी त्या आपल्याकडे जेवणार. आदल्या दिवशी ते चामडं चावलं, की माझ्या हातचं अमृत लागेल!"

"धन्य आहेस बाई!"

"फक्त ते उघडं असायला हवं. काय हो दादा, धक्क्यावरचं हॉटेल रविवारी चालू असतं का?"

आचाऱ्याने मफलर खाली केला.

"असतं की, ताई! विहीणबाईंना खुशाल घेऊन या. वीस वर्षं मीच रांधतोय तिथे. या रविवारी मात्र अगदी जीव ओतून करतो."