बंद पट्टा

ताई : हलू नकोस, टाके ओढले जातील. एवढंच सांग, आधी हात कुणी उचलला?

भाऊ : दाजींनी. पान्याने, सरळ कानावर.

ताई : आणि तू?

भाऊ : माल पुढे नेणारा सरकता पट्टा बंद केला होता. तो बंदच ठेवला.

ताई : कशाला पण? जोडणी विभागाचे मुख्य ते. माल चालू दे म्हणाले की चालू द्यायचा!

भाऊ : लिफ्टचे ब्रेक आहेत, ताई. बोल्टचे आटे झिजलेले. आवळला की धरत नव्हता, नुसता गरगरत होता.

ताई : तुझी मेली ती नजर! लहानपणी पाहुण्यांच्या शर्टाची तुटकी बटणं दाखवायचास, आईला तोंड लपवायला जागा उरायची नाही. हेच म्हणाले होते, असा चिकित्सक माणूस तपासणीवर हवाच. आणि त्यांचाच हात फोडलास?

भाऊ : मी मार खात होतो गं. बाकावर डोकं आपटलं, दोन दात गेले, तरी हात उचलला नाही. तुझा नवरा म्हणून.

ताई : मग?

भाऊ : शेजारच्या बाकावरची स्प्रिंग बसवणारी मुलगी मध्ये पडली. 'साहेब, मरेल तो.' दाजींनी तिचे केस धरले आणि फरफटत पत्रा दाबायच्या प्रेसकडे नेलं. प्रेस चालू होता. तिचं तोंड खाली वाकवलं.

ताई : घाबरवायला असेल रे...

भाऊ : एक वेणी आत गेली होती. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्यांच्या हातात खुपसला. आरपार. केस सोडेपर्यंत दाबून धरला.

ताई : बाई गं.

भाऊ : रक्ताने फरशी निसरडी झाली. ते घसरून डोक्यावर पडले; पडता पडता लाथ मारली, तेव्हा ही बरगडी गेली.

ताई : बाहेर हवालदार बसलाय. सांगशील का, झटापटीत दोघांनाही लागलं म्हणून? संसार माझा आहे.

भाऊ : त्या लिफ्टमध्ये कुणाचा तरी संसार चढणार आहे.

ताई : तुला बोलायला काय जातं!

भाऊ : रडू नकोस. त्यांना भेटलीस?

ताई : आत्ताच आले तिथून. शुद्धीवर आल्या आल्या काय विचारलं असेल?

भाऊ : माझं?

ताई : नाही. त्या पोरीचंही नाही. 'माल गेला का?' म्हणाले. मी नाही म्हटलं, तर डाव्या हाताने माझी मान धरली. नर्स आली म्हणून सोडली.

भाऊ : बघू. पदर काढ. ताई, हे वळ आजचे नाहीत सगळे.

ताई : तुझ्या नजरेला ते एवढी वर्षं दिसले नाहीत ना? झाकायची कला आहे माझ्याकडे.

भाऊ : ताई...

ताई : पड शांत. हवालदाराला आत पाठवते. जे झालं ते सगळं सांग.

भाऊ : आणि तू कुठे निघालीस?

ताई : कुठे नाही, इथेच दाराशी बसते. तुझं झालं की हवालदाराला म्हण, बाहेर एक बाई थांबलीय. तिलाही बोलायचंय.