लाल दिव्याचं बटण

मलेशियातल्या पिनांगमध्ये विजेच्या सामानाच्या दुकानात रोगाया पंख्याचा रेग्युलेटर हातात धरून रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक चिनी म्हातारबाबा आणि त्यांची लेक नव्या घराचा नकाशा गल्ल्यावर पसरून हुज्जत घालत होते. लेकीच्या गळ्यात क्रूस होता.

“बाबा, तुमच्या खोलीत एक बटण पलंगाशी, एक दाराशी. आणखी काय हवं?”

“देव्हाऱ्याचा लाल दिवा कुठाय?”

“हा काय, दाखवलाय. शेजारी त्याचं बटण.”

“त्याला बटण नको. वायर थेट जोडायची.”

“बटणाशिवाय दिवा असतो का कुठे!”

“आपल्या जुन्या घरात आहे ना. चाळीस वर्षं जळतोय.”

“अहो, पण बटण असलं तर बिघडलं कुठे? मी हातसुद्धा लावणार नाही.”

“मी आहे तोवर नाही लावणार. तू आता चर्चला जातेस. माझ्यामागे उदबत्ती लाव, असं मी म्हणत नाही. पण बटण असलं, की एक दिवस ते तुलाच बंद करावं लागेल. नसलं म्हणजे तुला काहीच करायला नको.”

लेकीने पेन काढून नकाशावरचं ते बटण खोडलं.

“आणि बल्ब गेला तर?”

“गेला तर गेला. तेवढं काही मी सांगत नाही.”

“अहो भाऊ,” ती दुकानदाराकडे वळली, “हे लाल बल्ब टिकतात किती?”

“एकदा लावला की दहा वर्षं बघायला नको.”

“मग चार द्या.”