तळ्याचं कार्ड

कार्डाच्या वरच्या कडेला खिळ्याचं एक भोक होतं आणि खालच्या कडेलाही एक. चित्र तळ्याचं होतं. पाणी इतकं स्थिर, की डोंगर दोनदा दिसत होता. दौंडच्या टपालकचेरीच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्या हातात ते होतं.

"दोन भोकं कशानं रं, मीरासाहेब?"

"चांदबी उलटं लावायची. पाण्यातला डोंगरच तिला खरा वाटायचा. मी सुलटं करायचो. मग म्हणायची, ऑस्ट्रियाला जाऊनच बघू, वर कुठला ते."

"अमजद तिकडनं तिकिटं धाडतो म्हणत व्हता की."

"तीन वर्सं म्हणतोय. मीच म्हणायचो, भीमेकाठी जाऊन बस. पानी तेच हाय."

"लई शहाणा तू."

"व्हय."

"आता काय म्हणतोय पोरगा?"

"एप्रिलात बर्फ वितळतंय, अम्मीला घेऊन या. तिच्यासाठी कोट घेतलाय, निळा."

"चांदबीला जाऊन दोन महिने झाले, मीरासाहेब."

"कळलं तर नोकरी टाकून पळत येईल."

"अम्मी बरी हाय, असं दोनदा लिवलं मी, तू सांगितलंस म्हणून. तिसऱ्यांदा न्हाई लिवणार."

"सावळाराम, हवाईपत्र तर घे."

"घेतलं. बोल, काय लिवू?"

"सलाम लिव."

"लिवला. फुडं?"

"लिव, अम्मी गेली. तळं बघाया मी एकटाच येतो."